पलीकडच्या उतारावरचं दगडफूल

इशबेलच्या जांभळ्या लोकरीला आमच्या ओटागोच्या खोऱ्यात तोड नव्हती, आणि हे तिला कुणी सांगायला लागत नसे. रंग यायचा दगडफुलातून. डोंगरमाथ्यावर, जिथे बर्फ उशिरापर्यंत राहतं, तिथल्या खडकांना हे काळपट पापुद्रे चिकटलेले असतात. ते खरवडायचे आणि शेडमागच्या पिंपातल्या शिळ्या मुतात आठवडेच्या आठवडे मुरवायचे. मूत तिच्या नवऱ्याचं, वॉटीचं. तो दारूला शिवत नाही म्हणून रंग स्वच्छ येतो, असं ती चारचौघांत सांगायची आणि वॉटी स्कोन-पावाला लोणी लावत मान खाली घालायचा.

खडक तिला सासूने दाखवला होता, अंथरूण धरायच्या आदल्या उन्हाळ्यात. पोटच्या लेकीला, नेटाला, नाही, सुनेला. "हे दुसरीकडे कुठे उगवतच नाही," असं इशबेल म्हणायची, तेव्हा ती नुसती दगडफुलाबद्दल बोलत नसे.

यंदा शेतकी प्रदर्शनात नेटाने जांभळी शाल मांडली. तोच रंग. पहिल्या नंबरची लाल फीत नेटाला मिळाली, इशबेल दुसरी आली.

"चोरटी मेली!" परतताना गाडीत ती मला म्हणाली. "माझा खडक ओरबाडलाय तिने. उद्या वर चल, तूच बघ."

शेजारधर्म म्हणून गेले. सासूच्या सुरीने खरवडलेली जागा अजून बोडकीच होती; दगडफूल नखाएवढं वाढायला माणसाची उमर जाते. बाजूला इशबेलच्या खुणा. परकी खूण एकही नाही. तिने खडकाभोवती पुन्हा फेरी मारली. चोरी सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

उतरताना तिने मुद्दाम नेटाच्या अंगणातली वाट धरली. तिच्याही शेडमागे पिंप होतं आणि पिंपाला टेकून निळ्या झाकणाचा दुधाचा कॅन. इशबेलच्या घरचा.

"हा इथे कसा?"

नेटा हात पुसत बाहेर आली. "वॉटी आणतो की, रविवारी येताना. मी एकटी बाई, माझं किती पुरणार?"

"माझ्या नवऱ्याचं!"

"तुझा नवरा व्हायच्या आधी माझा भाऊ होता तो. आईचं पिंपही तोच भरायचा."

"आणि दगडफूल? ते कुठलं?"

"पलीकडच्या उतारावरचं. आईने मला परकरी वयातच दाखवलेलं. त्याच्या पुढच्या डोंगरावर तर याहून दाट आहे. तुला काय वाटलं, देवाने तुझ्या एकटीच्या खडकाला चिकटवलंय?"

इशबेलने कॅन उचलला. भरलेला होता. मी हात पुढे केला, पण तिने दिला नाही. हिंदकळत, वास मारत घरापर्यंत स्वतःच नेला.

खडकाचं नाव ती आता काढत नाही. पण वॉटी रविवारी बहिणीकडे चहाला निघाला की फाटकापाशी त्याला अडवते.

"आधी आपल्या शेडमागे जाऊन ये."

"आत्ताच जाऊन आलो, इशबेल."

"परत जा."