डोळा फुटणे

दाजींच्या डाव्या डोळ्यात चुना उडाला तेव्हा ते द्राक्षबागेच्या कडेला फवारणीचे बोर्डो मिश्रण तयार करत होते. मोरचूद एका ड्रममध्ये भिजत होते, दुसऱ्यात चुना. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो आणि उडतो, हे द्राक्षवाल्याला सांगावे लागत नाही. गॉगल घरात खुंटीला होता. ताईने डोळ्यावर पाणी मारले. मग कोणीतरी तूप घाला म्हणाले, तेही घातले गेले. नाशिकला पोचेपर्यंत दुपार झाली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिंडोरी तालुक्यात त्यांची बाग आहे. मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. माझे काम संध्याकाळी सुरू होते, त्यामुळे दवाखान्याच्या सकाळच्या फेऱ्या आपोआप माझ्याकडे आल्या. ते आणि ताई गावाहून येत, मी दारात भेटत असे, आणि मग आम्ही तिघे बाकावर बसून राहत असू. थेंब, मलम, पुन्हा थेंब. काही महिन्यांनी लाली ओसरली, पण बुबुळावर दुधाळ पडदा चढला होता आणि कडेच्या लाल शिरा त्यावर पसरल्या होत्या. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते.

डॉक्टर मॅडमनी कागदावर गोल काढून समजावले. काळा भाग पांढऱ्याला जिथे मिळतो, त्या कडेवर मूळ पेशी असतात. बुबुळावरचे पातळ आवरण रोज झिजते आणि या पेशी ते रोज नवे करतात. चुन्याने ती कडच जळाली. उपाय असा, की चांगल्या डोळ्याच्या कडेवरून तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर बाळंतपणात पडणाऱ्या वारेचा स्वच्छ केलेला पापुद्रा पसरून त्यावर ते ठेवायचे. जमले तर पेशी पसरतात आणि आवरण पुन्हा तयार होते.

अशा बातम्या माझ्या टेबलावर अधूनमधून येतात. कुठे प्रयोगशाळेत कान वाढवला, कुठे गुडघ्यातली कूर्चा पुन्हा आली. त्यातले ‘चमत्कार’ आणि ‘वरदान’ काढले की बातमी निम्मी होते. मॅडमच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द नव्हते. करण्यासारखे आहे, एवढेच मी ताईला म्हणालो.

दाजी तयार नव्हते.

“एक गेला म्हणून दुसऱ्याला कात्री लावायची? ह्या एकावर तर चाललंय सगळं.”

“माझ्या डोळ्यातलं घ्या,” ताई मॅडमना म्हणाली.

तसे करता येते, पण दुसऱ्याच्या पेशी शरीर परक्या मानते, मग जड औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, असे मॅडमनी सांगितले.

“नकोच,” दाजी म्हणाले. “हिचा डोळा मला बसवला तर मी कुठं जातो ते हिला घरबसल्या दिसंल.”

मॅडम हसल्या. “काका, हे कलमच आहे हो. तुम्ही बागेत करता तसं.”

या शब्दाने काम केले. दाजी खुर्चीत पुढे सरकले. बांधता कशाने, त्यांनी विचारले. बांधत नाही, चिकटवतो, मॅडम म्हणाल्या. वारा लागू नये म्हणून? वरून लेन्स ठेवतो. आणि ओल? थेंब आहेतच. दाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू माणसे कामातली आहेत याची खात्री पटली. शस्त्रक्रियेचा दिवस त्यांनीच मागितला.

आदल्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर संमती घेण्यापूर्वी धोके सांगत होती. मुलगी विदर्भातली होती, या भागात नवी. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पेशी धरणार नाहीत, पुन्हा करावे लागेल, असे तिने सांगितले. मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि काका, फार क्वचित, डोळा फुटू पण शकतो.”

“फुटायलाच पाहिजे की,” दाजी म्हणाले. “किती दिवसांत फुटतो?”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली.

“लवकर फुटू दे रे देवा,” ताईने हात जोडले.

द्राक्षाच्या काडीवर पेरापाशी जो कोंब बसलेला असतो, त्याला या भागात डोळा म्हणतात. छाटणी झाली की घरातले पहिले बोलणे तेच असते, डोळे फुटले का. सगळे डोळे एकसारखे फुटले की वर्ष सुरळीत. कलमाच्या काडीवरचा डोळा फुटला की कलम लागले. मॅडमनी कलम म्हटल्यापासून दाजी बागेतच उभे होते.

मी म्हणालो, “दाजी, हा काडीवरचा डोळा नाही. ती म्हणतेय, तुमचा डोळा फाटू शकतो. मग तो कायमचा जाईल.”

दाजी मुलीला म्हणाले, “तसं बोलावं ना मग माणसानं. कुठला फुटंल?”

“ज्याच्यावर करायचं तो. चांगल्याला सहसा काही होत नाही.”

“सहसा,” दाजी म्हणाले आणि सही न करताच उठले.

गाडीपाशी ताईने मला गाठले. “तुला गप्प बसता आलं नसतं? पेपरातल्या चुका काढतोस तेवढ्या पुरत नाहीत?”

“नसतं आलं,” मी म्हणालो. ती गाडीत जाऊन बसली. मग तिचा फोन बरेच दिवस आला नाही.

ऑक्टोबरची छाटणी आली. पेठच्या डोंगरातली मजूर कुटुंबे नेहमीप्रमाणे बागेवर उतरली. दाजी स्वतः एक ओळ धरतात, ती त्यांनी याही वर्षी धरली. एका डोळ्याला अंतर समजत नाही. कात्री कधी काडीच्या अलीकडे मिटायची, कधी थेट डोळ्यावर. छाटणीला आलेली एक म्हातारी मजूरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, “बाबा, तुमी बांधावर बसा. तुमी डोळंच कापत चालले.” बायका हसल्या. दाजीही हसले आणि कात्री तिच्या हातात देऊन घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे ताईने नंतर सांगितले.

त्यांचा फोन मला कचेरीत आला, पहिल्या पानाच्या गडबडीत.

“पत्रकार, त्या बाईंना सांगा, घ्या म्हणावं चांगल्यातलं.”

“ते फुटण्याचं—”

“लय झालं तुमचं. दोन्ही अर्थ कळले मला. तारीख घ्या.”

शस्त्रक्रिया झाली. पुन्हा बाक, पुन्हा थेंब. पेशींनी मूळ धरले. चांगल्या डोळ्याला काही झाले नाही. काही महिन्यांत दुधाळ पडदा गेला, शिरा मागे हटल्या. मॅडम समाधानी होत्या. त्यांनी दाजींचा उजवा डोळा झाकला आणि बोटे दाखवली. एकदा आकडा बरोबर आला, एकदा चुकला.

“समोर कोण उभंय, काका?”

“ही.”

ताई त्यांच्या मागे स्टुलावर बसली होती. समोर वॉर्डातल्या मावशी उभ्या होत्या.

“माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाही,” ताई म्हणाली. मावशी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

वरचे आवरण नवे आले आहे, पण चुना खोल गेला होता, आतला व्रण तसाच आहे, मॅडमनी सांगितले. आता कोणी दान केलेले बुबुळ मिळाले तर ते बसवता येईल. आधी ते टिकलेच नसते, आता टिकू शकेल. केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. मिळाल्यावर किती दिसेल तेही नाही. ताईने विचारले, नाव नोंदवायचे का. दाजींनी “नोंदवा” म्हटले आणि चपला शोधू लागले.

त्यांना गावी सोडायला मी निघालो. दाजी पुढे बसले होते, डोके काचेकडे कललेले, चांगल्या, उजव्या डोळ्यावर तळहात.

“झोपलात का?” मागून ताईने विचारले.

“नाय. बघतोय.”

शहराच्या कडेचे म्हसरूळ मागे पडेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.