शी आडनावाची बाई
सरकीचा तेलकट वास आला की चिखलीजवळची ती जिनिंग फॅक्टरी आठवते. नवं यंत्र बसवायला तिथे चीनहून एक इंजिनीअर बाई आली होती, आडनाव शी. "आमच्यात याचा अर्थ चटई. तुमच्यात?" तिनं मोडक्या हिंदीत मला विचारलं. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सुंदर." निरोपाच्या दिवशी ती माइकवर मराठीत म्हणाली, "मी शी." सगळे हसले. लोकांना आवडलं असं वाटून तिनं ते पुन्हा म्हटलं. अखेर एक मजूर बाई तिच्याजवळ गेली. "अवं, शी म्हंजे गंदगी. तुले कोनं शिकवलं असं?" शी बाईनं माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. "मेरा गलती," एवढंच म्हणाली. चूक माझी होती, हे मी कबूल केलं नाही. हे सांगताना आजही मला आधी हसूच येतं.