अनूचा दुधाचा दात

हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ ती होती तोवर नाही. आठ वर्षं झाली. आता तुमच्याजवळ बोलते आहे तर आडवळणं घ्यायची नाहीत असं ठरवलंय — तरी एखादं घेईनच बहुधा.

मी दातांची डॉक्टर. केडगावात, पुणे रस्त्याला माझा दवाखाना आहे आणि तो चांगला चालतो. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात. खरंच आहे ते. खोटी नम्रता मला जमत नाही. घाबरलेल्या माणसाला खुर्चीत बसवते, दोन गोष्टी बोलते, आणि त्याला कळायच्या आत दाढ बाहेर. माझ्या एका शब्दावर माणसं डोळे मिटून तोंड उघडतात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे केलं ते याच शब्दाच्या जोरावर केलं.

माझा थोरला भाऊ, दादा, खर्ड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, तरी त्याचं लिव्हर आतून कडक होत गेलं. साखरेचा त्रास आणि लिव्हरवरची चरबी — वर्षानुवर्षं, कुणाला पत्ता नाही. पोटात पाणी साठायला लागलं तेव्हा पुण्याला नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर तिथल्या सर्जननी मला एकटीला आत बोलावलं. घरात डॉक्टर मीच ना! म्हणाले, औषधानं हे आता मागे फिरणार नाही, लिव्हर बदलावं लागेल. घरातल्या निरोगी माणसाच्या लिव्हरचा भाग काढून बसवता येतो. देणाऱ्याचं काही महिन्यांत भरून येतं. फक्त रक्तगट जुळायला हवा. दादाचा ओ. वहिनींचा बी. आई सत्तरीच्या पुढची.

"तुमचा?" त्यांनी विचारलं.

"ओ," मी म्हणाले.

"मग तुमच्या तपासण्या सुरू करू. आपल्याकडे फार वेळ नाही."

मी मान डोलावली आणि बाहेर आले. बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या, दादाची फाईल मांडीवर घेऊन. मला बघून उभ्या राहिल्या.

"काय म्हनले, वन्सं?"

"अजून वेळ आहे म्हणाले. घाई नको."

त्या दारापासून त्या बाकापर्यंत किती अंतर असेल? दहा पावलं? तेवढ्यात मी विचार तरी काय केला असेल? मला एवढंच आठवतं की डोळ्यांपुढे एक टेबल आलं, त्यावर आडवी झालेली मी, आणि हत्यार दुसऱ्याच्या हातात. भीती वाटली. साधी भीती. माझी मुलं लहान होती, दवाखान्याची सगळी मदार माझ्यावर होती — ही कारणं मला नंतर सुचली, एकेक करून, सावकाश. त्या दहा पावलांत त्यातलं एकही नव्हतं.

पण वहिनी स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. घरच्या माणसाच्या लिव्हरचा भाग बसवतात, हे त्यांना रक्त तपासतानाच तिथल्या नर्सकडून कळलं होतं. आठवड्याभरात एसटीनं केडगावला आल्या, पेशंट संपेपर्यंत थांबल्या, आणि सरळच विचारलं, "माझं तर चालत न्हाई म्हनले. तुमचं चालंल का?"

त्यांना विचारायचा पुरता हक्क होता. आणि मी — मी त्यांना दातांबद्दल सांगायला लागले.

दाताच्या आत मऊ गाभा असतो. त्यात स्टेम सेल म्हणून पेशी सापडतात. त्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी घडवता येतात. दुधाच्या दातात असतात, अक्कलदाढेत असतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून लिव्हरसारख्या पेशी घडवल्यात, आजारी उंदरांना त्या दिल्यावर फायदा दिसलाय. हे सगळं खरं होतं, मी वाचलेलं होतं. चांगलं काम आहे, आजही मी ते आवडीनं वाचते. पण लिव्हर गेलेल्या माणसानं ज्याच्या भरवशावर थांबावं असं तेव्हा त्यात काहीही नव्हतं. मला हे पक्कं ठाऊक होतं. वहिनींना मी सगळं सांगितलं, फक्त उंदरांचं सोडून.

"म्हंजी फाडायचं काम न्हाई?"

"नाही."

"कुनाचंच?"

"कुणाचंच नाही, वहिनी."

त्या माझे दोन्ही हात धरून रडल्या.

इथं तरी थांबायचं ना? नाही थांबले. त्यांची मुलगी अनू तेव्हा दहा वर्षांची. तिची एक दुधाची दाढ हलत होती. पुढच्या रविवारी तिला बोलावून ती काढली, मिठाच्या पाण्यात घालून छोट्या बाटलीत ठेवली, वर तिचं नाव लिहिलं, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवली. ती बाटली तिथून कुठंही जाणार नव्हती. अनू तोंडात कापूस धरून, बोबडं बोलत म्हणाली, "आत्या, माझ्या दातानं पप्पा बरे होणार?"

"होणार," मी म्हणाले. लहान मुलांशी मी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात.

दादानं शाळेत सगळ्यांना सांगितलं. वर्गात फळ्यावर पेशीचं चित्र काढून शिकवलं म्हणे. आणि मग मला म्हणाला, तू जे वाचलंस ते मलाही वाचायला दे. नाही कसं म्हणणार? मोबाईलवर पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी खर्ड्याला गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता, पाय सुजलेले, मांडीवर वही. कठीण शब्द डिक्शनरीत बघून अर्थ लिहून काढले होते त्यानं.

"हे उंदरांवरचं आहे गं," तो म्हणाला.

"सुरुवात तिथूनच होते, दादा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अभ्यास न केलेली पोरं ओळखण्यात त्याची हयात गेली होती. माझा रक्तगटही त्याला माहीत होता — माझ्या पहिल्या बाळंतपणात मला रक्त त्यानंच दिलं होतं. "बरोबर आहे. सुरुवात तिथूनच होते," असं म्हणून त्यानं वही मिटली आणि माझ्या मुलांची चौकशी केली. त्यानंतर त्यानं तो विषय माझ्याजवळ काढला नाही. वहिनींजवळही काढला नाही. माझं खोटं त्यानं सांभाळलं. त्याला समजलं नसेल, असं म्हणायची सोय मला नाही.

पाच महिने गेले. एका सकाळी शाळेत त्याला रक्ताची उलटी झाली. नगरला आणलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या सर्जनना फोन केला तेव्हा ते म्हणाले, या अवस्थेत ऑपरेशन शक्यच नाही. आणि तेव्हा — घेणं शक्य नाही हे कानानं ऐकल्यावर — मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझं लिव्हर घ्या. लागेल तेवढं घ्या." संध्याकाळी दादा गेला. माझं ते बोलणं मात्र नातेवाइकांच्या तोंडी राहिलं. अजूनही लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतं, बहीण असावी तर अशी. मी ते ऐकून घेते. एकदाही खोडून काढलेलं नाही.

अनू आता अठराची आहे, नर्सिंगला आहे. या दिवाळीत माझ्याकडे आली होती. करंज्या भरता भरता खाली मान घालून म्हणाली, "आत्या, एक विचारू? माझा दात किडका होता ना? मी लई चॉकलेट खायचे. म्हणून जमलं नाही ना?"

आठ वर्षं ही पोर हे घेऊन जगत होती.

"तसं काही नसतं गं," मी म्हणाले, आणि दुसरी लाटी लाटायला घेतली. तेव्हाही मी भ्यालेच.

मी रोज दवाखान्यात जाते. माझा हात आजही हलका आहे, माझी तब्येत उत्तम आहे. स्वतःची कीव करणारी बाई मी नव्हे, आणि हे सांगताना मला रडूही आलेलं नाही. जे घडलं ते मला नीट दिसतं: दादाला वाचायची एक संधी होती, ती माझ्याजवळ होती, आणि ती मी दिली नाही. दिली नाही हे कळू नये म्हणून त्याच्या बायकोला आशा दाखवली आणि त्याच्या मुलीला दोषी केलं.

उद्या रविवार. खर्ड्याला जाणार आहे. आधी अनूला सांगेन की तिच्यात काही खोट नव्हती, मग वहिनींना बाकीचं सगळं — त्या सर्जननी मला काय सांगितलं होतं ते, शब्दाला शब्द. त्या काय म्हणतील हे मला माहीत नाही. मी काही मागायला जात नाहीये.