डाव्या हाताची धार

उंदीर दुसऱ्या शहरात असतात. माझ्याकडे येतात ती फक्त त्यांच्या मेंदूची चित्रं. गेल्या उन्हाळ्यात प्रबंध लिहायला मी तीन महिने कोल्हापूरला घरी राहिले, तेव्हा ही चित्रं मी गोठ्यावरच्या खोलीत बसून बघत असे. खाली म्हैस रवंथ करत असायची आणि वर लॅपटॉपवर एक सुपारीएवढा मेंदू उघडलेला असायचा.

या उंदरांच्या मेंदूतल्या एकाच बाजूच्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. माणसाला कंपवातात जे होतं, ते त्यांच्यात असं अर्ध्यापुरतं घडवून आणतात. मग शिरेतून एक द्रव्य देऊन स्कॅन काढतात. डोपामिनचा संदेश स्वीकारणारे रिसेप्टर जिथे असतात, तिथे ते द्रव्य चिकटतं आणि चित्रात उजेड दिसतो. कुठे किती उजेड आहे ते मोजणं, एवढंच माझं काम.

हा विषय घरातल्या कुणामुळे निवडला का, असं मला प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं होतं. मी नाही म्हणाले.

पप्पांच्या डाव्या हाताला कंपवात आहे. ते रोज संध्याकाळी म्हैस घेऊन दूध कट्ट्यावर जायचे. तिथे गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. शाळेत असताना मी कट्ट्यासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना वडील ‘डेअरी बिझनेस’मध्ये आहेत असं सांगितलं होतं. पण पहाटे गोठ्यातून येणारा धारेचा आवाज मला पाठ होता. उजव्या हाताची धार जाड, डाव्याची जरा बारीक, एकीमागून एक, कधीही न चुकणारी. त्या तालावर मी पाढे म्हटलेत. होस्टेलवर गेल्यावर कितीतरी दिवस मला पहाटे उगाचच जाग यायची आणि काय ऐकू येत नाहीये ते लक्षात यायला वेळ लागायचा.

गेल्या उन्हाळ्यात घरी आले तर एकच धार ऐकू येत होती.

चारी सड नीट रिकामे झाले नाहीत तर कास दगडासारखी होते. ती होऊ लागलीच होती. आईने धार काढून पाहिली, पण म्हैस तिला पान्हा सोडेना. उचगावचा एक माणूस म्हैस बघून गेला.

“द्या आता तिला,” आई म्हणाली. “तिचंबी हाल, तुमचंबी हाल.”

“एकच तर ऱ्हायलीय,” पप्पा म्हणाले. या आजाराने त्यांचा आवाजही खाली गेला आहे, त्यामुळे ते कुणाला सांगत होते की स्वतःशी बोलत होते, ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी चरवी धरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर कट्ट्यावर गेले. पप्पांनी बसकण मारली. डावा हात सडापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. रोज येणारे शिंपीचाचा ग्लास धरून उभे होते.

“काय मालक, आज नुसता फेस पाजताय व्हय?”

सगळे हसले. पप्पाही हसले असावेत. आजाराने त्यांचा चेहरा हलत नाही, म्हणून सांगता येत नाही.

मला काय झालं कोण जाणे. मी चरवी खाली ठेवली, म्हशीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले आणि पलीकडच्या सडांना हात घातला. इतकी वर्षं या घरात राहून, म्हशीला धारेची एक बाजू ठरलेली असते एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. तिने पाय झाडला. मी मागे पडले.

“पावणी हायस व्हय गं तू घरची?” चाचा म्हणाले.

“तिकडनं न्हाय. हिकडं ये,” पप्पा म्हणाले. “माझ्या अंगाला लागून बस.”

मी बसले. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नाही. मी कॉलेजला गेल्यापासून माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला नव्हता. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि त्याची थरथर माझ्या दंडाला लागत होती. ते म्हशीशी काहीतरी पुटपुटले. तिने श्वास सोडला, आणि पान्हा. उजवीकडे त्यांची धार, डावीकडे माझी. माझी वेडीवाकडी, मध्येच तुटणारी. पण दोन धारा होत्या.

“आता कसं,” चाचा म्हणाले आणि त्यांनी ग्लास पुढे केला.

उरलेले दिवस आम्ही तसेच बसलो.

एकदा पप्पा वर आले आणि लॅपटॉपकडे बघत उभे राहिले.

“ही उजेडाची बाजू चांगली का?”

मीही आधी हेच समजले होते. माझ्या पहिल्या सगळ्या चित्रांवर मी उजळ बाजूला ‘निरोगी’ लिहिलं होतं आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी ती परत पाठवली होती.

“नाही पप्पा. तीच मारलेली बाजू. तिकडे डोपामिन येत नाही, म्हणून त्याची वाट बघणारे रिसेप्टर वाढतात.”

ते स्क्रीनजवळ वाकले.

“रेडकू गेल्यावर म्हस दाराकडंच कान लावून ऱ्हाती. तसंच की,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

तीन महिने संपल्यावर मला जावं लागलं. मी थांबू का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही थांब म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हैस उचगावला गेली.

पप्पांचा आवाज फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून आईच बोलते. परवा तिला विचारलं, पप्पा काय करतायत?

“काय करणार? सांजचं पाच वाजलं की उंबऱ्यावर जाऊन बसत्यात. डाव्या अंगाला जागा सोडून.”

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. समोर चित्र उघडं होतं. उजळ बाजूवर ‘इजा’ असं लिहून मी पुढचं उघडलं.