पत्र्यावरचं पान

घरात पिंप आलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागे छोटी मोकळी गच्ची आहे. तिच्या अर्ध्या भागावर पत्रा. त्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून निळ्या पिंपात घ्यायचं आणि संडासाला, लादी पुसायला वापरायचं, एवढीच साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधेपणाने करणं मला कधी जमलेलंच नाही.

डास शिरू नयेत म्हणून पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. झाकणावर वीट ठेवली. नळावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी डकवली. घरात आई आणि मी दोघीच, तरीही. पाऊस लागला की सुरुवातीला पन्हळीची नळी पिंपाबाहेर वळवायची, पत्रा धुऊन निघाला की मगच आत. ऑफिसमधून आले की खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता बॅटरी घेऊन अळ्या शोधायला पळायचे.

“अगं, चहा तरी घे आधी,” आई म्हणायची. मी उभ्या उभ्या दोन घोट घ्यायचे.

खरा वैताग कबुतरांचा. पत्रा ती घाण करणार आणि ती घाण माझ्या पिंपात येणार. शेवटी पत्र्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या आणि त्यांना गाण्यांच्या जुन्या सीड्या बांधल्या. वाऱ्यावर त्या अशा लखलखायच्या की दोन दिवसांत कबुतरांनी शेजारच्या वाडीत मुक्काम हलवला. मी स्वतःवर जाम खूश होते.

मग भाद्रपदात बाबांची तिथी आली. बाबा गेल्यानंतरचा हा दुसरा पितृपक्ष. आईने पहाटेपासून खपून वडे, खीर, अळूचं फदफदं, सगळं केलं आणि केळीच्या पानावर वाढून पान पत्र्याच्या कडेला ठेवलं. बाबा आजीआजोबांचं पानही तिथेच ठेवायचे. कावळा शिवला की मग आम्ही जेवणार.

कावळा आला, समोरच्या वायरवर बसला. मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि उडून गेला. दुसरा आला, तोही गेला. मागच्या वर्षी आईने हात मागे घ्यायच्या आत पानावर झडप पडली होती.

कारण मला पहिल्या कावळ्यालाच कळलं होतं. पण दोऱ्या काढल्या की कबुतरं परत येणार. म्हटलं, थांबू दहा मिनिटं, भूक लागली की येईल. मी आत-बाहेर करत राहिले. दहाची चाळीस मिनिटं झाली. आईची रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची, ती तशीच ताटाशेजारी पडून होती.

आईने हात जोडले. “पुढच्या वर्षी गावी जाऊन देवीची ओटी भरीन.” कावळा नाही. “तुमची घड्याळं कुणाला देणार नाही.” नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, “शेवटी शेवटी तुम्ही साखरेचा चहा मागत होतात. मी दिला नाही. त्याचा राग धरलात ना?”

बाबांचा मधुमेह वाढला तेव्हा साखरेचा डबा मी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. आईला तंबी दिली होती. डॉक्टरांनी शेवटी ‘आता हवं ते द्या’ असं सांगितलं, तरी किल्ली मी काढली नव्हती. आणि ही बाई सगळं स्वतःच्या माथी घेऊन पानासमोर उभी होती.

मी स्टूल ओढलं आणि दोऱ्या ओरबाडून काढायला लागले.

“अगं, काय करतेस? तुझं पिंप!”

“आई, कावळे या सीड्यांना घाबरतायत. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. आणि चहा तू नाही, मी तोडला होता. डबा माझ्या कपाटात होता.”

आई आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती कपबशी घेऊन आली आणि पानाशेजारी ठेवली. मी सीड्या छातीशी धरून दारात उभी होते. वायरवर परत आलेला कावळा सरळ पानावर उतरला आणि वडा उचलून गेला. तो सीड्या गेल्या म्हणून आला, हे मला पक्कं ठाऊक आहे. आईला मी ते पुन्हा सांगितलं नाही.

तिने डोळे पुसले, जेवणानंतर घ्यायला गोळी पदराला बांधली आणि म्हणाली, “पाऊस येईलसं दिसतंय. पत्रा खरकटा झालाय, नळी बाहेर वळव.” मी वळवली.

पातेल्यात चहा उरला होता. तिने तो दोन कपांत ओतला. “बस,” म्हणाली. मी बसले. एक घोट घेतला. दोन चमचे साखर होती त्यात. बाबा एवढंच मागत होते.