चटका

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं. चार पाहुणे टेकले की मी सुरू. बायको म्हणते, "यांना जेवण नसलं तरी चालतंय, ऐकणारा पाहिजे." पण एक विनोद मी आता करत नाही. एके काळी तोच सगळ्यात जास्त चालायचा.

मेहुणे गेल्यावर धाकटी बहीण तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे बाळापूरला आली. पोरगी भारी बडबडी. हुरड्याच्या दिवसांत ती टाचा उचलून चवड्यांवर चालायला लागली. मी म्हणालो, "बाईसाहेबांना थंडीतबी जमिनीचे चटके बसून राहिले." सगळे हसले. मग काय, पाहुणे आले की तिला अंगणात चालवायचं आणि विचारायचं, "काय बसला गं?"

"चटका," म्हणायची, आणि स्वतःच टाळ्या पिटायची.

पावसाळ्यात ती पडायला लागली. वाटी हातातून सुटायची. दहापर्यंत मोजणारी पोरगी पाचावर आली, मग दोनावर. माझी आई म्हणाली, "लई लाडावलं लेकरू." मीही मान डोलावली. एकेक शब्द गेला, 'मामा'सुद्धा. 'चटका' तेवढा राहिला होता, माझ्याच तालमीतला. दिवाळीला तोही गेला.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिचे ताठरलेले पाय वाकवून पाहिले. "टाचा टेकवत नाही, हे कधीपासून?"

"हुरड्यापासून," मी म्हणालो.

"इतकं नक्की कसं आठवतं?"

बहीण म्हणाली, "दादा त्याच्यावर हसवायचा ना सगळ्यांला."

लेकीचं रक्त तपासलं, मग बहिणीचं. दोघींना एचआयव्ही. लेकीला आईच्या पोटातूनच आला होता आणि तो मेंदूत पोचला होता. गोळ्या नुकत्याच फुकट मिळायला लागल्या होत्या. डॉक्टरबाई सरळ बोलल्या, "रोज दोन वेळा, कायमच्या. आहे ते टिकवू. गेलेलं परत येईलच असं नाही."

"बोलंल का पण?" बहिणीनं विचारलं.

"बघू."

बहीण तेवढ्याच आशेवर राहिली. मोठ्यांची गोळी ब्लेडनं कापायची, कुटून साखरपाण्यात द्यायची. लेकरू ओकायचं. ही पुन्हा कुटायची.

उन्हाळ्यात बहीण हळद शिजवायच्या कामाला गेली होती. पोरीला रोज उभं करा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. मी काखेत हात घालून तिला अंगणातल्या फरशीवर उभं केलं.

"चटका," ती म्हणाली.

माझा कानावर विश्वास बसेना. "पुन्हा म्हण. काय बसला?"

"चटका."

मी हसत होतो, रडतही असेन. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत नव्हतं. माझ्या पायात चपला होत्या. तिला पाय उचलता येत नव्हता.

उचलून रांजणाजवळ नेलं, पाणी ओतत राहिलो. दोन्ही चवडे लालबुंद. टाचांना काही झालं नव्हतं, त्या टेकल्याच नव्हत्या.

सांजेला बहीण आली. "बोलली," मी म्हणालो.

"काय बोलली?"

मी सांगितलं. चवड्यांवरचे फोडही दाखवले. ती बराच वेळ ते पाय मांडीवर घेऊन बसली.

"बराबर बोलली मग," ती म्हणाली, आणि गोळी कुटायला उठली.