जळोचीवर पेटलेला चंद्र

मी एकदा उगवत्या चंद्रावर बादल्या देऊन माणसं धाडली होती. हसा खुशाल. सतरा वर्षांची होते, नवी नवरी होते, आणि अक्कल माहेरच्या ट्रंकेत राहून गेली असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. आज त्या असत्या तर मीच सांगितलं असतं, अहो, ट्रंक उघडून बघितली, तिथंही नव्हती. हा मूर्खपणा मी इतकी वर्षं लग्नाकार्यात हसत हसत सांगत आले. सांगताना शेजारी शालन वन्सं असायच्या, आणि माझ्या हातून मीठमसाला जास्त पडला की चष्म्यावरून माझ्याकडं नुसतं बघायच्या. मागल्या महिन्यात इंदापूरहून त्यांच्या मुलाचा, नंदूचा फोन आला. हल्ली अवेळी फोन वाजला की उचलायच्या आधीच मी वाईट ते ठरवून टाकते. "मामी..." म्हणून तो थांबला, तेव्हाच मी खाली बसले. वन्सं गेल्या. आता चष्म्यावरून बघणारं कुणी नाही, म्हणून या वेळी मीठमसाला न घालता सांगते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला "वहिनी, इकडं ये गं" म्हणायच्या. पन्नास सालानंतरची बारामती ती. आमचं घर गावाच्या उगवतीच्या टोकाला, वर मातीचं माळवद, आणि माळवदावरून थेट शेजारच्या जळोची गावाच्या शिवारापर्यंत नजर जायची. मामंजी, म्हणजे वन्संचे आबा, कॅनॉलच्या कचेरीत कारकून होते. तिथलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी एक पितळी दुर्बीण घरी आणली. का आणली, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. वेड मात्र लागलं वन्संना. त्यांना लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. तो काढला की अंगणातली तुळस आणि शेजारची काकू यांत त्यांना फारसा फरक दिसायचा नाही. पण दुर्बिणीला डोळा लावला की चष्म्याची गरजच उरायची नाही. नळी जराशी मागंपुढं केली की ती त्यांच्या डोळ्याशी जुळवून घ्यायची. "जगात ही एकच वस्तू आहे वहिनी, जी माझ्यासाठी स्वतः सरकते," असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला वाटायचं, पितळेचं काय कौतुक एवढं!

त्या दुर्बिणीची खरी गंमत होती तिच्या डोळ्याच्या नळीत. आजकाल माझी नात ज्याला झूम म्हणते ना, तेच, फक्त जुन्या धाटणीचं. एका नळीत दुसरी बसवलेली. आतली बाहेर ओढत जावं तसतसं समोरचं मोठं होत जायचं. पण फुकट काही नाही. मोठं होईल तसं अंधुक व्हायचं, थरथरायचं, आणि दिसायचा तुकडा लहान लहान होत जायचा. म्हणून वन्संचा एक नियम होता, नळी आधी पूर्ण आत. जे बघायचं ते आधी लहान, पण सबंध दिसू दे. मग हळूहळू ओढ, आणि ओढलीस की पुन्हा नीट जुळव. मी पहिल्याच दिवशी नळी खसकन शेवटपर्यंत ओढली. समोर काळाकुट्ट अंधार. "वन्सं, मोडली हो!" म्हणून मी रडायलाच लागले. त्यांनी नळी आत ढकलली आणि चंद्र जिथल्या तिथं होता. "मोडलं काही नाही," त्या म्हणाल्या, "तू त्याच्या पलीकडं जाऊन बसली होतीस." माझा स्वभावच तो. आमच्या ह्यांना कचेरीतून यायला जरा उशीर झाला की माझ्या मनात थेट कॅनॉलमध्ये पडलेली सायकल दिसायची. सबंध काही दिसायचंच नाही.

वन्संचं लग्न जमत नव्हतं, आणि कारण एकच, चष्मा. मंडळी यायची, पोहे खायची, "कळवतो" म्हणायची आणि कळवायची नाहीत. अशात इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा मॅट्रिक झालेला, शेती बघणारा. घर इंदापुरात, पण थोडा ऊस जळोचीच्या शिवेलाही होता. सासूबाईंनी ठरवलं की या खेपेला चष्मा दाखवायचाच नाही. मला बरं वाटलं नाही, पण मी कोण बोलणार? आदल्या संध्याकाळी वन्सं भिंगं पुसत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "वहिनी, हे शेवटचं. यांनी नको म्हटलं तर मी पुन्हा पाटावर बसायची नाही. आणि आबा म्हणतात, मग ही दुर्बीणही मोडीत जाईल." हसत म्हणाल्या खऱ्या, पण फडकं एकाच भिंगावर किती वेळ फिरत होतं... त्या रात्री मला झोप नाही. ताट हातातून पडलं तर? उंबरा दिसला नाही तर? सासऱ्याला सोडून भलत्याच माणसाला नमस्कार केला तर?

चैत्रातली पौर्णिमा होऊन एक दिवस झाला होता. मंडळी दिवस कलताना आली. मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक चुलते. चष्मा माझ्या पदराच्या गाठीत बांधलेला, आणि मला ताकीद की वन्संच्या मागं सावलीसारखं राहायचं. वन्संनी पोहे नेले, सांडले नाहीत. नमस्कार केले, चुकले नाहीत. मी जीव मुठीत धरून उभी. इतक्यात सासूबाईंना आठवलं की दुर्बीण माळवदावर उघडी आहे, आणि पाहुण्यांतलं कुणी हवेशीर बसायला वर गेलं तर पंचाईत. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "जा, गोधडी टाक तिच्यावर आणि तशीच खाली ये."

तशीच खाली आले असते तर ती मी कसली! गोधडी हातात घेऊन मी म्हटलं, एकदाच. अंधार पडला होता. दुर्बीण उगवतीकडं वळवलेली होती. मी डोळा लावला आणि सवयीनं नळी शेवटपर्यंत ओढली. समोर लालभडक! उसाच्या काळ्या शेंड्यांमागं लाल काहीतरी उकळत होतं, थरथरत होतं, आणि बघता बघता वर चढत होतं. आदल्याच आठवड्यात तिकडं एकाचा फड जळाला होता, त्या राखेचा वास गावभर होता. जळोची... पाहुण्यांचा ऊस... मी माळवदाच्या कडेला धावले आणि बोंबलले, "अहो, पेटला! जळोचीला तुमचा ऊस पेटला!"

पुढं जे झालं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. खाली भांडी खणखणली. होणारे सासरे अनवाणीच बाहेर पळाले, मागोमाग मुलगा, चुलते, आमचे हे, मामंजी. गल्लीतली माणसं बादल्या, पोती, घमेली घेऊन निघाली. मुलाची आई तेवढी पळाली नाही, ती लुगडं खोचून सरळ शिडी चढून वर आली आणि म्हणाली, "कुठं गं? कुठं लागलीय आग? मला तर धूर दिसना!" तिच्या मागून शिडीच्या तोंडाशी वन्सं. बिनचष्म्याच्या. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत चाचपडत. आणि त्या ओरडल्या, "वहिनी, माझा चष्मा दे!"

पाहुणीनं वळून बघितलं. सासूबाई खालून हातवारे करत होत्या, नको नको. पण पुढच्या पायरीवर वन्संचा पाय चुकला असता तर त्या थेट अंगणातल्या फरशीवर... मी गाठ सोडायला लागले. सुटेना! शेवटी दातांनी सोडली. वन्संनी चष्मा घातला, वर आल्या, उगवतीकडं बघितलं, मग दुर्बिणीपाशी गेल्या. आणि डोळा लावण्याआधी त्यांनी काय करावं? चष्मा काढला, आणि माझ्या हातात न देता मुलाच्या आईच्या हातात दिला. "मावशी, हा जरा धरा."

मला वाटलं, झालं. संपलं सगळं. जो लपवायला एवढी धडपड केली, तोच चष्मा त्या बाईच्या तळहातावर, आणि ती त्याची जाड भिंगं बोटानं चाचपतेय. वन्संनी नळी आत ढकलली, थोडी जुळवली आणि बाजूला झाल्या. "या मावशी. ऊस नाही पेटला. चंद्र आहे. बघा, अख्खा दिसतो." बाई वाकल्या. बराच वेळ वाकूनच होत्या. तोवर नुसत्या डोळ्यांनाही दिसायला लागलं होतं, उसावर टेकलेला, तांबूस, गरगरीत... आणि खालच्या रस्त्यावरून आमच्या गल्लीतली माणसं बादल्या वाजवत त्याच्याच दिशेनं पळत होती.

माणसं परतली ती हसत नव्हती. सासरे पायातला काटा काढत बसले. चुलते म्हणाले, "लई हुशार हाय घर." मामंजी माफी मागत राहिले. मुलाच्या आईनं चष्मा वन्संच्या हातात ठेवला, कुंकू लावून घेतलं, आणि जाताना एवढंच म्हणाली, "कळवतो."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला कुणी मारलं नाही, बोललं नाही, तेच जास्त लागलं. सासूबाई माझ्या हातातून काम काढून घ्यायच्या. मामंजी एकदा जेवताना म्हणाले, "बाजाराच्या दिवशी ती दुर्बीण घेऊन जातो," आणि ताट तसंच ठेवून उठले. इंदापूरची एसटी आली की मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. उतरणाऱ्या प्रत्येक टोपीत मला नकार दिसायचा. सगळ्यात भीती वाटायची वन्संची. त्या रागावल्या नाहीत, पण माळवदावर जाईनात. गोधडी आता कुणी न सांगता दुर्बिणीवर पडून होती. मी एकदा पाय धरायला गेले तर म्हणाल्या, "उठ गं, भाकरी करपतेय." खरंच करपत होती. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, आणि त्यामुळंच मला रडू आवरेना. एका माणसाचं सबंध आयुष्य मी एका ओरडण्यात जाळलं, असं वाटायचं, आणि ही आग मात्र चंद्राची नव्हती.

आणि एका दुपारी एसटीतून ती बाई एकटीच उतरली. हातात वांग्यांची पिशवी. मी तिच्या मागं घरापर्यंत आले, पण आत जायचं धैर्य होईना. दाराआड उभी राहिले. तिनं पाणी घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाली, "चष्मा लपवला म्हणून मला राग आला हुता. घरी जाऊन मालकास्नी तसं सांगितलंबी. पर इचार केला, समदी बापय मंडळी चंद्र इझवाय पळाली, आन् ही पोर माज्याच हातात चष्मा देऊन म्हणती, बगा. हिला लपवाय जमतच न्हाय. मला अशीच पायजेल. पोराचं तर तवाच ठरलंय, त्यो निस्ता दुर्बीण बगायची म्हणून नादावलाय." मग दाराकडं बघून म्हणाली, "आन् ती वरडणारी कुठं हाय? तिला म्हणावं, वांगी चिर. त्यात काय पेटत न्हाय."

लग्न झालं. दुर्बीण रुखवतात मांडली होती, लाडवांच्या शेजारी. इंदापूरच्या घराच्या गच्चीवर ती पुढं वर्षानुवर्षं उभी राहिली. वन्संची सासू म्हातारपणी रोज दिवेलागणीला तिथं जाऊन, "आज कुठं लागलीय गं आग?" म्हणून विचारायची. वन्संचे मालक मात्र नळी ओढण्यात माझ्यासारखेच उतावीळ निघाले. मी गेले की आम्हा दोघांना एकत्र ओरडा बसायचा.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. वन्सं पलंगावर, अगदी चिमूट झालेल्या, पण चष्मा नाकावर. मी नेहमीप्रमाणं गोळ्या बघितल्या, पायांची सूज बघितली, डॉक्टर काय म्हणाले ते नंदूला तीनतीनदा विचारलं. वन्सं म्हणाल्या, "ओढलीस का नळी शेवटपर्यंत?" मी डोळे पुसले. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या...

वन्संचे दिवस झाल्यावर नंदू बारामतीला आला. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. आत कापसात ती डोळ्याची नळी. पितळ झिजून कडेला पांढुरकं झालंय. दुर्बीण इंदापुरातच राहिली, नातवंडांना हवी म्हणून. त्यांनी तिला नवी झूम नळी बसवलीय. ही तेवढी माझ्याकडं आली. आता ती माझ्या उशाशी असते. नुसतीच डोळ्याला लावली तर काही दिसत नाही, पण फोन वाजला की उचलायच्या आधी माझा हात तिच्यावर जातो आणि तिच्यातली आतली नळी पूर्ण आत ढकलतो. नंदू डबा देऊन निघाला होता, चपला घातल्या होत्या. मग थांबला आणि म्हणाला, "मामी, आईनं एक निरोप ठेवलाय. शब्दाला शब्द असाच सांग म्हणाली, 'वहिनीला म्हणावं, नळी आधी आत ढकल, मग बघ. आणि तरीही काही पेटलेलं दिसलं तर हाक मार. मी चष्मा घालूनच बसलेय.'"